‘नुसतं बघत बसलेत’ असं वाटतं, तेव्हा न्यूरो आयसीयूत काय चाललेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपच्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २६, रात्रपाळीहून परतताना विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर बाइकवरून पडला. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. मेंदूवर रक्ताची गाठ झाली होती. त्याच रात्री एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि कवटीचं हाड काढून ठेवलं. आज सहावा दिवस. भाऊ व्हेंटिलेटरवर आहे, झोपेची औषधं चालू आहेत, डोक्यातून एक नळी बाहेर काढलेली आहे आणि स्क्रीनवर ‘आयसीपी’ नावाचा आकडा कधी १४, तर कधी २४ दिसतो. डॉक्टर रोज एवढंच सांगतात, की वाट बघू, चोवीस तास निरीक्षण चालू आहे. बिल्डिंगमधलं कुणी म्हणालं, ‘ब्रेन डेड असेल, बिल वाढवायला मशीनवर ठेवलंय.’ ताई विचारतात: उपचार नक्की काय चाललेत? त्या आकड्याला किती घाबरायचं? त्याला मुद्दाम झोपवून का ठेवलंय? मोठ्या हॉस्पिटलात हलवू का? आणि तो शुद्धीवर कधी येईल?

ताई, मी मुंबईत बरीच वर्षं मेंदूच्या अतिदक्षता विभागात काम करते. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्यापुरता निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच. पण काचेच्या पलीकडे काय चाललंय, ते मी सांगू शकते.

सगळ्यात आधी ती ‘ब्रेन डेड’ची गोष्ट बाजूला ठेवू, कारण ती मनात असली की पुढचं काही ऐकू येत नाही. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचं खोड, म्हणजे श्वास चालवणारा त्याचा तळाचा भाग, कायमचं बंद पडणं: बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, नळीतून कफ ओढताना खोकला येत नाही, व्हेंटिलेटर काढून तपासलं तर श्वासाचा प्रयत्नसुद्धा होत नाही. हे कुणी अंदाजाने ठरवत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, तपासण्या दोनदा करायच्या असतात आणि दोन्हींमध्ये किमान ६ तासांचं अंतर असावं लागतं. झोपेची औषधं चालू असताना ही तपासणी करताच येत नाही. तुम्हीच लिहिलंय, की सिस्टर कफ काढतात तेव्हा तो खोकतो आणि हात आखडून घेतो. म्हणजे तुमच्या भावाबाबत तो प्रश्नच येत नाही. तो कोमात आहे, आणि कोमा ही वेगळी अवस्था आहे. बिल्डिंगमधल्यांना एवढं ठामपणे सांगा.

आता ‘उपचार काय चाललेत’. डोकं रस्त्यावर आपटलं त्या क्षणी मेंदूच्या ज्या पेशी आणि तंतू तुटले, ते जोडणारं औषध आज जगात कुठेही नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण न्यूरो आयसीयूतलं सगळं काम इथूनच सुरू होतं. पहिल्या इजेनंतर काही तासांत आणि दिवसांत दुसरी इजा होऊ शकते. सूज वाढते, रक्तदाब पडतो, ऑक्सिजन कमी होतो, ताप चढतो, झटके येतात, रक्तातलं सोडियम घसरतं. यातली प्रत्येक गोष्ट जेमतेम तग धरून असलेल्या पेशींना मारते. ही दुसरी इजा थांबवता येते. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की डोक्याला गंभीर मार लागलेल्यांपैकी ज्यांचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. म्हणून ‘निरीक्षण’ हाच इथला उपचार आहे. जखमी मेंदू स्वतः सावरेपर्यंत त्याला रक्त, ऑक्सिजन आणि साखर एक मिनिटही कमी पडू द्यायची नाही, आणि कमी पडायला लागली तर ती पाच मिनिटांत हेरायची.

तो आकडा समजून घेऊ. आयसीपी म्हणजे कवटीच्या आतला दाब. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिलिलिटर जागा असते, ती वाढत नाही, आणि तिथे मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी या तिघांनाच राहायचं असतं. सकाळची आठ वाजताची डोंबिवली फास्ट आठवा. सुरुवातीला माणसं चढतात तशी आतली थोडी सरकतात, बॅग पुढे घेतात, जागा होते. मग एक वेळ अशी येते, की आणखी एकच माणूस चढला तरी सगळा डबा आवळला जातो. कवटीतही तसंच होतं. सूज थोडी वाढली तर पाणी आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं, तोवर आकडा फारसा हलत नाही. ती सोय संपली, की मग थोड्याशा सुजेनेही दाब झपकन चढतो. तुमच्या भावाचं हाड काढलेलं असल्यामुळे त्याला थोडी जास्त जागा मिळाली आहे, पण तिलाही मर्यादा आहे.

निरोगी माणसात हा दाब साधारण ५ ते १५ मिलिमीटर (पाऱ्याचे, रक्तदाबासारखेच) असतो. अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत २२ च्या वर टिकून राहणाऱ्या दाबावर उपचार करायला सांगितलंय. इथे ‘टिकून राहणाऱ्या’ हे महत्त्वाचं आहे. खोकला आला, कफ काढला, कूस बदलली की दाब क्षणभर २५-३० ला जातो आणि मिनिटा-दोन मिनिटांत खाली येतो. त्याने काही बिघडत नाही. पाच मिनिटं उलटूनही तो खाली येत नसेल, तर आम्ही उठतो.

उठून लगेच औषध देतो का? नाही. हा भाग नातेवाइकांना दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगते. आधी सिस्टर मान बघते. मान एका बाजूला वळली असेल, व्हेंटिलेटरची नळी बांधलेली पट्टी किंवा मानेचा कॉलर आवळला असेल, तर गळ्यातली शीर दाबली जाऊन डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. मान सरळ केली, पट्टी सैल केली, उशाकडची बाजू ३० अंशांवर आणली, की कित्येकदा आकडा तिथेच उतरतो. मग श्वासनळीत कफ अडकलाय का, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलाय का, ताप आहे का, दुखतंय का, पोट फुगलंय का, लघवीची नळी अडली आहे का, आत कुठे सूक्ष्म झटका चालू आहे का, हे सगळं बघायचं. कार्बन डायऑक्साइड वाढला, की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब वाढतो. तो फार कमी केला, तर त्या आकसतात आणि मेंदूला रक्तच कमी पडतं. त्यामुळे तो साधारण ३५ ते ४० च्या पट्ट्यात ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा रक्ताचा एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, काढतात. दिवसातून इतक्यांदा रक्त का काढतात, या तुमच्या तक्रारीचं एक उत्तर हे आहे.

तुम्ही लिहिलंय, की नळीतून पिशवीत गुलाबीसर पाणी येतं. म्हणजे ती ईव्हीडी असावी. मेंदूच्या पोकळीत ठेवलेली ही नळी दाब मोजते आणि गरज पडली तर पाणी काढून दाब कमीही करते. एक गोष्ट मात्र घरच्या सगळ्यांना बजावून ठेवा: बेडचं रिमोट हातात घ्यायचं नाही. ईव्हीडीचं मोजमाप कानाच्या पातळीला लावलेलं असतं. दाब मोजणारा सेन्सर तसाच ठेवून बेड १० सेंटिमीटर वर केला, तर आकडा जवळजवळ ७ ने जास्त दिसतो आणि पाणीही गरजेपेक्षा जास्त वाहून जाऊ शकतं. ‘दादाला नीट बसवावं’ म्हणून प्रेमाने बेड वर करणारे नातेवाईक मी पाहिलेत. सिस्टर ओरडली, तर तिला कारण असतं. आणि पिशवीची नळी उघडी असताना दिसणारा आकडा खरा नसतो. तो वाचण्याआधी ती थोडा वेळ बंद करावी लागते. त्यामुळे काचेतून दिसलेला २४ हा दरवेळी २४ असेलच असं नाही. तो कधी दिसला, किती वेळ टिकला आणि त्या वेळी काय चाललं होतं, हे विचारा.

आयसीपीइतकाच महत्त्वाचा, पण नातेवाइकांचं ज्याच्याकडे लक्ष जात नाही असा आकडा म्हणजे सीपीपी, मेंदूत रक्त ढकलणारा दाब. सरासरी रक्तदाबातून आयसीपी वजा केला, की तो मिळतो. समजा रक्तदाब ११०/६५ आहे, म्हणजे सरासरी ८०. आयसीपी २४ असेल तर उरले ५६. आम्हाला ६० ते ७० हवे असतात. म्हणजे एरवी ‘छान’ वाटणारा रक्तदाब या मुलाला अपुरा आहे. म्हणून त्याला नॉरॲड्रेनलिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं औषध, चालू असेल. ‘बीपीचं औषध चालू आहे’ याचा अर्थ प्रकृती ढासळली असाच असतो, असं नाही. मेंदूपर्यंत रक्त पोचावं म्हणून मुद्दाम दाब वर धरलेला असू शकतो. दोन्ही शक्यता असतात, तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: हे औषध कशासाठी आणि कालच्यापेक्षा डोस वाढला की कमी झाला?

साध्या गोष्टींनी दाब उतरला नाही, तर मग मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन, जास्त झोप, पुन्हा सीटी स्कॅन, अशा पायऱ्या चढत जातात. प्रत्येक पायरीची किंमत असते. मॅनिटॉलने लघवी खूप होते आणि रक्तदाब पडू शकतो. मिठाच्या सलाइनने सोडियम चढतं. वरवरची पायरी जास्त धोक्याची, म्हणून कारण नसताना चढायची नाही.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. ‘सूज उतरायचं स्टिरॉइड का देत नाहीत? आमच्या काकांना ट्यूमरला दिलं होतं,’ हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. ट्यूमरभोवतीच्या सुजेला स्टिरॉइड खरोखर लागू पडतं. डोक्याच्या मारात मात्र ते घातक ठरलंय. क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्ण होते. २००४ साली निकाल आला: स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १७.९ टक्के. ही पद्धत किती वर्षं, किती देशांत चालू होती, हे लक्षात घेतलं की अंगावर काटा येतो. एखादे ओळखीचे डॉक्टर फोनवरून ‘डेक्सा (हे स्टिरॉइडच) चालू करायला सांगा’ म्हणाले, तर कृपया आग्रह धरू नका.

झोपवून का ठेवलंय? कारण जागा असलेला, नळीशी झगडणारा, खोकणारा, घाबरलेला माणूस कवटीतला दाब वाढवतो आणि मेंदूची ऑक्सिजनची गरजही वाढवतो. झोपेत ती गरज कमी होते. पण झोपवलं, की मेंदूची तपासणी अवघड होते. त्यामुळे दाब स्थिर असेल तर दिवसातून एकदा औषध कमी करून बघतात. त्या वेळी तो अस्वस्थ दिसेल, घामेजेल, हातपाय आपटेल. ते बघून घाबरून ‘त्याला झोपवा’ म्हणू नका. त्याच वेळेत आम्हाला सगळ्यात जास्त कळतं. दाब स्थिर नसेल, तर हा प्रयोग पुढे ढकलतात, आणि ते बरोबरच आहे. मिडाझोलाम हे झोपेचं औषध चार-पाच दिवस चाललेलं असेल, तर ते शरीरात साठतं. बंद केल्यावरही जाग यायला दोन-तीन दिवस लागू शकतात, किडनी किंवा लिव्हर थकलेली असेल तर आणखी. ‘औषध बंद केलं तरी उठला नाही’ म्हणून पहिल्याच दिवशी खचू नका. पुढे दोन-तीन दिवसांतही काहीच हालचाल नसेल, तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, केलाय का, हे जरूर विचारा. बाहेरून न दिसणारे झटके आत चालू असू शकतात, आणि ते औषधाने थांबवता येतात.

तुम्ही चार्टवर ‘ई१ व्हीटी एम४’ लिहिलेलं पाहिलंत. हा ग्लासगो कोमा स्केल. टीसडेल आणि जेनेट या ग्लासगोतल्या दोघा डॉक्टरांनी तो १९७४ साली मांडला. डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६ असे एकूण १५ गुण. ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. तोंडात नळी असल्यामुळे बोलणं तपासता येत नाही, म्हणून तिथे ‘टी’ लिहितात. या तिघांत मी स्वतः हालचालीच्या गुणावर सर्वांत जास्त भरवसा ठेवते. एम४ म्हणजे चिमटा काढल्यावर हात मागे घेतो. एम५ म्हणजे दुखणाऱ्या जागेपर्यंत हात आणून चिमटा काढणाऱ्याचा हात बाजूला सारायला बघतो. एम६ म्हणजे सांगितलेलं करतो. चार वरून पाच ही मला मोठी बातमी वाटते. उलट, पाचवरून तीन झाला, किंवा एका डोळ्याची बाहुली अचानक मोठी होऊन प्रकाशाला आकसेनाशी झाली, तर रात्रीचे तीन असोत, सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जनला फोन. सिस्टर दर तासाला टॉर्च घेऊन डोळे उघडते ते यासाठी. रक्तदाब एकदम चढला आणि नाडी मंदावली, तर तीही धोक्याची घंटा. घरचे अशा वेळी ‘बीपी सुधारलं’ म्हणून खूश होतात.

तुमच्या आईंनी हात धरल्यावर त्याने घट्ट दाबला, असं तुम्ही लिहिलंय. तो क्षण मी तुमच्याकडून काढून घेणार नाही. पण तळहाताला स्पर्श झाला की मूठ आवळणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. ‘सोड’ म्हटल्यावर सोडतो का, ‘दोन बोटं दाखव’ म्हटल्यावर दाखवतो का, हे बघा. ते एकदा झालं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. त्यांना ते हवंच असतं, आणि घरच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद पुष्कळदा आमच्या आवाजाच्या आधी येतो. त्याच्याशी बोला, हळू, एका वेळी एकाच माणसाने, नेहमीच्या भाषेत. रडत ओरडत हाका मारू नका. बोलताना दाब चढतोय असं सिस्टर म्हणाली, तर थांबा.

हाड काढलेल्या बाजूच्या बँडेजवर मार्करने ‘नो बोन’ लिहिलेलं असेल. त्या बाजूला हात ठेवायचा नाही, त्या कुशीवर वळवायचं नाही. ते हाड एकतर पोटाच्या त्वचेखाली ठेवतात किंवा डीप फ्रीझरमध्ये. पोटावरच्या टाक्यांबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं कारण हेच असावं. सूज पूर्ण उतरली आणि कुठे जंतुसंसर्ग नसला, तर साधारण दोन-तीन महिन्यांनी ते परत बसवतात. हाड काढण्याबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. औषधांना दाद न देणाऱ्या दाबासाठी हे ऑपरेशन केलं तर काय होतं, हे तपासणारी रेस्क्यूआयसीपी नावाची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात २६.९ टक्के दगावले होते, नुसत्या औषधांच्या गटात ४८.९ टक्के. पण वाचलेल्यांत काही जण गंभीर अपंगत्वासह किंवा भानाविना वाचले. जीव वाचवणारं ऑपरेशन आणि माणूस पूर्ववत करणारं ऑपरेशन, या दोन गोष्टी एकच नाहीत. तुमच्या भावाचं ऑपरेशन रक्ताची गाठ काढताना झालं, त्यामुळे हे आकडे त्याला जसेच्या तसे लागू करू नका.

बाकीची शुश्रूषा थोडक्यात. नळीने अन्न पहिल्या दोन दिवसांतच सुरू होतं. घरून नारळपाणी किंवा ज्यूस पाठवू नका, सोडियमचा हिशेब बिघडतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, एअर मॅट्रेस, तोंडाची स्वच्छता, डोळ्यांत मलम, पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून पायांचा पंप आणि पुढे इंजेक्शन, फिजिओथेरपी. यातलं एकही काम स्क्रीनवर दिसत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्ण हातातून जातात ते बहुतेकदा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गाने. चांगली सिस्टर आणि चांगल्या मावशी हे माझ्या मते न्यूरो आयसीयूतलं सर्वांत मोलाचं यंत्र आहे.

येत्या काही दिवसांत गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याबद्दल, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीबद्दल, तुम्हाला विचारतील. घरोघरी याला ‘आता संपलं’ समजून नकार देतात. तसं नाही. तोंडातली नळी त्रास देते म्हणून जास्त झोप द्यावी लागते. गळ्यातली नळी सहन होते, झोपेचं औषध कमी करता येतं, कफ नीट निघतो, व्हेंटिलेटर लवकर सोडवता येतो. रुग्ण सावरला की नळी काढतात आणि छिद्र बहुतेकदा आपोआप बुजतं. माझा सल्ला: विचारलं तर फार दिवस घालवू नका.

हलवायचं का? मला विचाराल तर आज नाही. आयसीपी २४ ला जाणाऱ्या मुलाला स्ट्रेचरवर आडवं करणं, व्हेंटिलेटर बदलणं, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या संध्याकाळच्या कोंडीत आणि खड्ड्यांत तासभर नेणं, यात नेमकी तीच दुसरी इजा व्हायची भीती असते. शहरात न्यूरोसर्जरी चांगली आहे. केईएम, सायन, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांतही न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत आणि डोक्याच्या मारांचा त्यांना प्रचंड अनुभव आहे. पण रुग्णालयाचं नाव मोठं की लहान, यापेक्षा मी तुम्हाला चार गोष्टी विचारायला सांगेन. न्यूरोसर्जन रात्री किती वेळात पोचतात? सीटी स्कॅन त्याच इमारतीत चोवीस तास आहे का? रात्रपाळीला एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट असतात? आयसीयूत डॉक्टर सतत हजर असतो का? उत्तरं समाधानकारक असतील, तर तिथेच राहा.

‘तिथे जास्त मशिनं आहेत’ हे कारण पुरेसं नाही. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटावर आयसीपी मॉनिटरच्या आकड्यावरून उपचार केले, दुसऱ्यावर ठरावीक सीटी स्कॅन आणि काटेकोर तपासणीवरून. दोन्ही गटांचे निकाल सारखेच आले. मॉनिटर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही, मी तो वापरते आणि वापरत राहीन. पण मॉनिटर स्वतः कुणाला बरं करत नाही. आकडा बघून वेळेवर काहीतरी करणारा माणूस लागतो.

पैशांमुळे किंवा सोयींमुळे हलवावंच लागलं, तर आधी त्या रुग्णालयात बेड आणि व्हेंटिलेटर पक्का झाल्याचं डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून ठरवू द्या. ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर आणि व्हेंटिलेटर हवा. हाताने फुगा दाबत नेलं, तर घाईत श्वास जास्त दिला जातो, कार्बन डायऑक्साइड पडतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. उचलताना ईव्हीडी बंद करायची आणि ठेवल्यावर पुन्हा उघडायची, हे नेणाऱ्याला माहीत हवं. एका दारातून दुसऱ्या दारात बेड शोधत फिरणं तर कधीच नको.

शुद्धीवर कधी येईल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आज कुणी तारीख सांगितली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, आणि आज कुणी ‘काही उपयोग नाही’ म्हणालं, तरी नका ठेवू. वय, पहिल्या दिवसाचा हालचालीचा गुण, बाहुल्या, सीटी स्कॅन, आणि वाटेत रक्तदाब किंवा ऑक्सिजन पडला होता का, यावरून अंदाज बांधता येतो. तुमच्या भावाचं वय त्याच्या बाजूने आहे, दोन्ही बाहुल्या चालत असतील तर तेही. अमेरिकेतल्या अठरा ट्रॉमा केंद्रांतल्या रुग्णांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर मार लागलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त लोक वर्षभराने निदान दिवसाचे आठ तास घरी एकटे राहू शकण्याइतके सावरले होते. दोन आठवड्यांनी पूर्ण भानरहित असलेल्यांतले जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांना वर्षभरात भान आलं, पण दिवस, जागा, माणसं यांचं नीट भान सुमारे चौघांतल्या एकालाच आलं. म्हणजे आशा खरी आहे, आणि रस्ता महिन्यांचा आहे. आधी डोळे उघडतील, बहुधा नजर स्थिरावण्याच्या आधीच. मग नजर माणसामागे फिरेल, मग सांगितलेलं करेल. त्यानंतर काही आठवडे तो चिडेल, शिव्या देईल, नळ्या ओढेल, तुम्हाला ओळखणार नाही. ती सावरण्याचीच एक पायरी असते.

रोज एकाच वेळी, घरातल्या एकाच माणसाने डॉक्टरांशी बोला आणि वहीत लिहा: आजचा हालचालीचा गुण, बाहुल्या, आयसीपी सर्वांत जास्त किती आणि किती वेळ, बीपीचं औषध, ताप, सोडियम. दोन दिवसांतला फरक तुम्हाला स्वतःलाच दिसू लागेल.

आणि एक काम उद्या सकाळीच करा. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारची २०२५ ची कॅशलेस उपचार योजना आहे: नोंदणीकृत रुग्णालयात १.५ लाख रुपयांपर्यंत, अपघाताच्या तारखेपासून ७ दिवस. तुमचा आज सहावा आहे. रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि पोलिसांकडे अपघाताची नोंद पोचली आहे का, हे बिलिंगवर विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काय करता येईल, तेही आरोग्यमित्राकडे तिथेच विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. सीटी स्कॅनच्या सीडी आणि ऑपरेशनची नोंद यांच्या प्रती आत्ताच मागून घ्या. पुढे दुसरं मत घ्यायचं झालं, तर रुग्णाला हलवण्याआधी ते कागद हलवता येतात.